फ्रूगल म्हणजे काटकसरी

माझा भाचा रात्री अकराला मोठमोठ्यानं घोकतोय. फ्रूगल म्हणजे काटकसरी, फ्रूगल म्हणजे काटकसरी. त्याच वेळी माझी आई उरलेला भात सकाळच्या फोडणीसाठी झाकून ठेवतेय. दोघं एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. पोराला ठाऊक नाही की फ्रूगल त्याच्यासमोर शेगडीपाशी उकिडवी बसलीय. आईला ठाऊक नाही की ती जन्मभर जे करत आली त्याला साहेबाच्या भाषेत एक शब्द आहे, आणि त्या शब्दाला दोन मार्क आहेत.

हे दोन मार्क कुणाचे, एवढंच मला विचारायचंय.

भाचा आठवीत आहे. मुलुंडच्या महापालिकेच्या मराठी शाळेत. त्याला नववीला साताऱ्याच्या सैनिक शाळेत जायचंय. हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी घातलं ते तो सांगत नाही. पण खूळ वाईट नाही. तिथं राहायला खोली, खेळायला मैदान, अभ्यासाला टेबल आणि टेबलावर दिवा. आमच्याकडे दिवा आहे, टेबल नाही, आणि दिव्याखाली सहा माणसं झोपतात. देशातली ही पहिली सैनिक शाळा, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. तिथं जागा राखीव आहेत. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात. २०२१-२२ पासून ओबीसींना २७. कागद बघितला की वाटतं, चला, आपलंही ताट मांडलंय.

आता पेपर बघा. नववीची परीक्षा ४०० मार्कांची. गणित २००, बाकी बुद्धिमत्ता, इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येकी ५०. तीन तास. सहावीच्या प्रवेशाला मराठीतून पेपर देता येतो. नववीच्या प्रवेशाला नाही. नववीचा अख्खा पेपर इंग्रजीत. म्हणजे इंग्रजी ५० मार्कांचं, हे फक्त छापलेलं. खरं इंग्रजी ४०० मार्कांचं आहे.

माझ्या भाच्याला लसावि काढता येतो. मसावि काढता येतो. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ तो तोंडी सांगतो, मला येत नाही. पण पेपरात ‘ट्रॅपेझियम’ आलं की पोरगं गप्प. कारण ट्रॅपेझियम नावाचा कुणी पाहुणा आमच्या शाळेत कधी आलाच नाही. त्याला गणित येतं आणि त्याला गणितात शून्य पडणार. याला हे लोक गुणवत्ता म्हणतात. जागा राखीव ठेवली आणि जिना काढून घेतला, वर पुन्हा बोंब मारायला मोकळे, की बघा, यांच्या राखीव जागासुद्धा भरत नाहीत.

ज्या मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आहे तिथं गणित-विज्ञान तरी इंग्रजीत होतं. भाच्याच्या शाळेत तेही नाही. आणि एक सांगतो, महाराष्ट्रात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. भाचा पहिलीपासून आजपर्यंत इंग्रजी शिकतोय. आठ वर्षांत त्याला काय येतं? फळ्यावरचं उतरवून घेता येतं. ज्या बाई शिकवतात त्यांच्याकडे बाकीचेही विषय, त्यात जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या. मी बाईंना शिव्या देणार नाही. त्यांच्या गळ्यात कुणी काय काय अडकवलंय ते मला दिसतं.

तर ताईनं बचत गटातून कर्ज काढलं आणि पोराला स्टेशनजवळच्या एका क्लासात घातलं. क्लासाचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. त्यांनी पोराच्या हातात एक पुस्तिका दिली. दीड हजार शब्द. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. रोज पन्नास पाठ करायचे, शनिवारी टेस्ट. वाक्य नाही, गोष्ट नाही, शब्द कुणाच्या तोंडी कधी येतो ते नाही. खिळ्यांचा डबा दिल्यासारखे शब्द दिलेत. लाकूड नाही, हातोडा नाही, काय ठोकायचं ते नाही. फी मात्र आगाऊ.

मागं उतारे आहेत. एका उताऱ्यात एक मुलगा सुट्टीत आजोबांच्या डोंगरावरच्या बंगल्यावर जातो. तिथं फायरप्लेस आहे. अटिक आहे. पाऊस येतो आणि त्याची पिकनिक बुडते. खाली प्रश्न, मुलगा उदास का झाला? भाच्यानं मला विचारलं, ‘‘मामा, अटिक म्हणजे काय?’’ मी म्हणालो, पोटमाळा असावा. तो म्हणाला, ‘‘मग तिथं कोण भाड्यानं राहतं?’’

मी हसलो नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. मुंबईत पोटमाळा म्हटलं की भाडेकरूच आठवणार. पण पुस्तिकेत त्याचं उत्तर चूक, आणि ज्याच्या आजोबांचा खंडाळ्यात बंगला आहे त्याचं उत्तर वाचायच्या आधीच बरोबर. हा उतारा वाचनाची परीक्षा घेत नाही. तुझ्या आजोबांकडे काय होतं ते विचारतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाची सॅट नावाची परीक्षा आहे. तिच्यातला एक जुना प्रश्न बदनाम झाला. धावणारा जसा मॅरेथॉनला, तसा वल्हवणारा कशाला? उत्तर होतं रेगाटा. रेगाटा म्हणजे होड्यांची शर्यत, पैसेवाल्यांची हौस. ज्यांच्या बापाकडे होडी त्यांना शब्द येतो, ज्यांच्या आज्याला साखळदंडात जहाजाच्या पोटातून आणलं त्यांच्या नातवांना येत नाही. लोकांनी आरडाओरडा केला, आणि असल्या जोड्या लावायचे प्रश्न २००५ साली त्या परीक्षेतून काढावे लागले. त्याच्या आधी तर त्यांच्या दक्षिणेत काळ्या माणसाला मत द्यायचं तरी वाचनाची परीक्षा होती. १९६५ च्या कायद्यानं ती थांबवली. वाचता येतं का, एवढा साधा प्रश्न. पण विचारणाऱ्याच्या हातात दरवाजाची कडी असली की तो साधा राहत नाही.

रेगाटा मला मात्र येतो. मी गोदीत काम करतो, कंत्राटावर. इंदिरा डॉक. सुट्टीच्या दिवशी गेटवेच्या बाजूला शिडाच्या होड्या पळताना मी लांबून बघितल्यात. दहावीपर्यंत शिकलो आणि मग इंग्रजी शिकलो ते खोक्यांवरून. धिस साइड अप. फ्रॅजाइल. जुने कामगार सांगतात, गाठींवर लिहिलेलं असायचं, यूज नो हुक्स. ज्याला वाचता येत नव्हतं तो आकडा मारायचा, माल फाटायचा आणि शिव्या खायचा. तिथं शब्दाला मार्क नव्हते, रोजी होती. एकदा कळलेला शब्द कुणी विसरला नाही.

तर एका रात्री मी भाच्याची पुस्तिका हातात घेतली. होल्ड, धरणे. मी म्हटलं, अरे, होल्ड म्हणजे जहाजाचं पोट, दिवसभर मी तिथंच असतो. ड्राफ्ट, मसुदा. मी म्हटलं, ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते. मग आला बर्थ. पोरगं म्हणालं, जन्म. मी म्हणालो, जहाज जिथं लागतं ती जागा. आम्ही भांडलो. दोन्ही खरे निघाले, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. मी म्हणालो, बघ, आपल्याकडे तेवढाही फरक नाही. बर्थ बघूनच ठरतं की जहाज कुठं लागायचं.

आई म्हणाली, आता झोपा दोघं.

माझ्या गोदीतल्या इंग्रजीला परीक्षेत किंमत नाही, कारण ती गोदीतली आहे. आमच्या मराठीचंही तेच झालं होतं. मी शाळेत ‘पानी’ म्हणालो की वर्ग हसायचा. घरी सगळे पानी पितात आणि वहीत पाणी लिहितात. मराठी पोराला मराठी शाळेत मराठीचीसुद्धा पुस्तिका पाठ करावी लागते, हे कुणी बोलत नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा विजय तेंडुलकरांसारख्या नामांकित लेखकाला त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ लागेनात. त्यांनी ढसाळांना विचारले, ती वस्ती जाऊन बघितली आणि प्रस्तावनेत ते कबूल केलं. हा त्यांचा मोठेपणा, मी मानतो. पण मला एवढंच म्हणायचंय की त्या दिवशी कामाठीपुऱ्यानं शब्दांची परीक्षा घेतली असती तर मराठीतले किती लेखक पास झाले असते? आणि नापास झाले म्हणून कुणी त्यांना बेअक्कल म्हटलं असतं काय?

म्हणून आता लगेच कुणी उठून सांगेल, बघा, म्हणूनच म्हणतो, इंग्रजी सोडा, मायबोलीतून शिका. थांबा. तुमच्याशी हिशेब बाकी आहे.

मायबोलीचं प्रेम आम्हाला शिकवू नका. बाबासाहेबांनी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो मराठीत, १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढला तो मराठीत. आमच्याशी बोलायचं तेव्हा मराठी, जगाला जाब विचारायचा तेव्हा इंग्रजी. आणि तुमचं काय? ६ जानेवारी १९५४ ला मुंबई सरकारनं हुकूम काढला की इंग्रजी शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई सोडून कुणाला घ्यायचं नाही. देवळालीच्या बार्न्स शाळेचं प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं हुकूम बेकायदा ठरवला. ज्याला इंग्रजी शाळा परवडत होती त्याची वाट मोकळी झाली. ज्याला परवडत नव्हती त्याला मायबोलीचा अभिमान उरला. तेव्हापासून हेच चाललंय. व्यासपीठावर मराठी, पोराच्या दप्तरात इंग्रजी. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणायचा सरकारी निर्णय आला, महाराष्ट्र पेटला आणि जूनच्या अखेरीस सरकारला तो मागं घ्यावा लागला. बरंच झालं. मीही विरोधातच होतो. पण त्या सगळ्या गदारोळात एकानं तरी विचारलं काय, की महापालिकेच्या शाळेत २००० सालापासून शिकवलं जाणारं इंग्रजी कुठं मुरलं? नाही. कारण विचारणाऱ्यांची पोरं त्या शाळेत नाहीत.

आता आपल्यातले. दुसऱ्यांना झोडून आपण टाळ्या मिळवतो, पण आपल्यातल्यांनाही सोडता येत नाही. २०१० साली उत्तर प्रदेशात, लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. देवीच्या हातात पेन, डोक्यावर टोपी, खाली कॉम्प्युटर. कल्पना मांडणारे आपलेच, हेतूही चांगला, दलितांनी इंग्रजी घ्यावी. पण देवी कशाला? ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी पुन्हा घंटा वाजवायची? आणि देवी झाली की पुजारी येतो. आमच्या मुलुंडला तो आलाच आहे. त्याचा क्लास आहे, त्याची पुस्तिका आहे आणि दक्षिणा आगाऊ घेतो. आमचे ऑफिसर झालेले भाऊबंद तर बोलायलाच नको. जयंतीला येतात, गाडीतून उतरतात, पोरांना सांगतात, इंग्रजी शिका, आणि पोरानं विचारलं की कसं, तर घड्याळ बघतात.

कसं, ते रामजी सुभेदारांना विचारा. लष्करातल्या शाळेचा हेडमास्तर राहिलेला हा माणूस. परळच्या चाळीतली एक खोली. भीमाच्या हातात त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं दिली आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला दिली. भाषांतर! म्हणजे एक वाक्य या भाषेतून त्या भाषेत न्यायचं, नेमका शब्द सापडेपर्यंत थांबायचं. दोन्ही भाषा समोरासमोर बसवायच्या, एकीला दुसरीच्या पायाशी नाही. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागत आणि गहाण टाकत. पोरगं पहाटे उठून वाचणार म्हणून बाप जागा राहत असे. १९०७ ला पोरगं मॅट्रिक झालं. त्यात दीड हजार शब्दांची पुस्तिका कुठंच नव्हती. बाप होता, दिवा होता, पुस्तक होतं.

बाप सगळ्यांना रामजी मिळत नाही. माझे भावोजी रात्रपाळीचे वॉचमन आहेत. म्हणून तर शाळा हवी ना? ज्याच्या घरी रामजी नाही त्याच्यासाठीच सरकारनं शाळा काढायची असते. इथं उलटं. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्यालाच शाळेत इंग्रजी.

काही मित्र म्हणतात, कॉम्रेड, पण सैनिक शाळाच कशाला? त्यांची शिस्त, त्यांची कवायत. हा प्रश्न मला टोचतो. पण इतिहास काढू. ब्रिटिशांच्या फौजेत आमचे आजे-पणजे होते आणि त्या फौजेच्या शाळांनी त्यांच्या घरात अक्षर आणलं. एकोणिसावं शतक संपताना महारांची भरती बंद झाली. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी भारतमंत्र्याकडे थेट विलायतेला अर्ज पाठवला. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला. सैन्यात आमचा माणूस कमी नाही. पण तो शिपाई म्हणून जातो. ऑफिसर व्हायचं तर खडकवासल्याच्या एनडीएची लेखी परीक्षा, ९०० मार्कांची, त्यात २०० इंग्रजीचे. हुकूम देणारा वेगळा आणि ‘जी साब’ म्हणणारा वेगळा, ही विभागणी तेराव्या वर्षीच होऊन जाते. माझ्या भाच्यानं पुढं जाऊन वर्दी घालावी की न घालावी, ते तो ठरवील. ट्रॅपेझियमनं ठरवू नये.

आमची मागणी साधी आहे. सहावीला मराठीत पेपर चालतो तर नववीलाही चालला पाहिजे. निदान गणित-विज्ञानाचा प्रश्न दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापा. कागद थोडा जास्त लागेल. आणि महापालिकेच्या शाळांत इंग्रजीला वेगळा शिक्षक द्या, जो दुसरं काही करणार नाही. यासाठी अर्ज लिहायचाय, सह्या घ्यायच्यात. अर्ज इंग्रजीतच लिहावा लागेल, याची मला गंमत वाटत नाही.

पण तोवर पोर थांबणार नाही, परीक्षा थांबणार नाही. म्हणून आम्ही वस्तीतल्या विहारात रविवारी वाचन सुरू केलंय. पुस्तिका बंद. पहिल्या रविवारी काय वाचायचं यावर आमच्यात वाद झाला. एकजण म्हणाला पेपर वाचू. एकजण म्हणाला झोपडपट्टीच्या नोटिसा वाचू, हायकोर्टाचे निकाल वाचू. बरोबरच आहे, हायकोर्टाची भाषा अजून इंग्रजीच. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा माणसं मेली, खटल्याचा निकाल यायला २००९ उजाडलं. असले कागद ज्याला वाचता येत नाहीत त्याच्या वतीनं दुसराच कुणी वाचतो. पण तेरा वर्षांच्या पोरांना ते जड. शेवटी मी बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ काढलं. छोटं आहे, इंग्रजी साधं आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातही शिकवतात.

त्यातही एक मुलगा सुट्टीत निघालाय. साताऱ्याहून. त्याच साताऱ्याहून, जिथं माझ्या भाच्याला जायचंय. १९०१ साल. नवे कपडे घातलेत, वडिलांना भेटायचंय, आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलाय. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर विचारतो, तुम्ही कोण? पोरं सांगतात. मास्तर आपल्या खोलीत निघून जातो. मग दुप्पट भाडं देऊनही गाडीवाला गाडी हाकायला तयार नाही, पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. डबा आहे, भूक आहे, पाणी नाही. रात्रभर पाणी नाही.

भाचा बोट ठेवून वाचत होता. अडत होता, पण पुढं जात होता. कित्येक शब्द त्याला येत नव्हते, तरी गोष्ट कळत होती. मी क्लासवाल्यासारखा प्रश्न टाकला, मुलांनी पाणी का प्यालं नाही? चार पोरं होती. चौघांनी एकदम उत्तर दिलं. मराठीत दिलं, मग मी म्हटलं, आता इंग्रजीत. वेळ लागला. भाच्यानं तीन वाक्यं जुळवली, व्याकरण मोडकं होतं, पण एकही शब्द पुस्तिकेतला नव्हता.

मग त्यानं विचारलं, ‘‘मामा, हा उतारा पेपरात येईल का?’’

मी म्हणालो, नाही येणार.

तो म्हणाला, ‘‘मग पुढचं पान?’’

तर मुलुंडमधल्या मित्रांनो, दर रविवारी संध्याकाळी सहाला या. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी आधी यावं, भाषण न करता. जुना शब्दकोश कुणाकडे असेल तर आणा, फाटका चालेल. हॉवर्ड कुणाच्या आज्याच्या ट्रंकेत सापडला तर फार बरं. माझी दुसरी पाळी असली तर मी नसेन, भाचा असेल. विहारात दोन पंखे आहेत, एक चालतो.